पहिला पूर माशांचा

प्रति,
मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय : नदीत गळ टाकून मासे धरणाऱ्यांची आणि नदीतल्या माशांची वाट मोकळी ठेवण्याबाबत.

महोदय,


मी परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावचा रहिवासी. आमचं गाव रेणुकामातेचं, बालाघाटच्या टेकड्यांत वसलेलं. गोदावरी आमच्या वेशीवरून वाहत नाही, तिच्याकडे उत्तरेला उतरून जावं लागतं. तरी इथल्या माणसांचा तिच्याशी पिढ्यांचा संबंध आहे. आम्ही तिला गंगाच म्हणतो आणि तिच्या काठाला गंगथडी. काठी, दोर आणि गळ घेऊन थडीला बसणाऱ्यांपैकी मी एक. पोटासाठी मासे धरणारे भोई आणि कहार, सुगी उरकल्यावर कालवणापुरते मासे आणणारे शेतकरी आणि शेतमजूर, सुटीत चुलत्याच्या मागं मागं येणारी पोरं, या सगळ्यांच्या मनातलं या पत्रात मांडतो आहे.

आपल्या खात्याबद्दल मला आदर आहे. मत्स्यबीज केंद्रं, तलाव, जलाशय, पिंजऱ्यातलं मत्स्यपालन, समुद्रावरची बंदरं, एवढा पसारा सांभाळणं सोपं नाही. पण या पसाऱ्यात नदी कुठे आहे, हे मला शोधूनही सापडत नाही. आपल्या योजनांत मासा मोजला जातो तो बोटुकल्यांच्या संख्येत आणि टनांत. पाणी मोजलं जातं ते हेक्टरात, ठेक्याने देण्यासाठी. वाहत्या नदीत स्वतःहून वाढलेला मासा आणि तो गळाने धरणारा माणूस, या दोघांसाठी एकाही तक्त्यात रकाना नाही. ज्याची नोंद नाही, त्याचं नुकसान झालं तरी कुणाला कळत नाही. आमच्याकडे नेमकं तेच झालं आहे.

काय हरवतं आहे, ते आधी सांगतो.

गळ टाकणं हे आमच्याकडे शिकवून येणारं कसब आहे. पाण्याचा रंग पाहून आमिष ठरतं. गढूळ पाण्यात गांडूळ, पाणी निवळल्यावर कणकेचा गोळा. वाम दगडांच्या कपारीत राहते आणि अंधार पडल्यावर बाहेर निघते, म्हणून तिच्यासाठी दोर रात्री तळाला सोडायचा. शिंगाडा खोल डोहात, तळाजवळ. मरळ काठच्या गवतात, उथळ आणि संथ पाण्यात. मरळीची पिलं लालसर असतात, थव्यानं पृष्ठभागाशी येतात आणि नर-मादी दोघं त्यांच्या खाली राखण करतात. अशा वेळी मरळ समोरच्या कशावरही झेप घेते, तिला धरणं अगदी सोपं असतं. म्हणूनच पिलांवरच्या मरळीला गळ लावायचा नाही, हे आम्हांला पहिल्यांदा शिकवलं गेलं. शिकवणारे भोई होते. त्यांना शाळेत जायला मिळालं नव्हतं, पण कोणत्या महिन्यात कोणत्या माशाच्या पोटात अंडी असतात हे त्यांना तोंडपाठ होतं. हात आखडता कधी घ्यायचा, तेही त्यांनीच सांगितलं.

या कसबाला दख्खनमध्ये निदान नऊशे वर्षांचा लेखी पुरावा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ ११२९ च्या सुमाराचा. त्यात मत्स्यविनोद नावाचा स्वतंत्र भाग आहे. समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे अशी माशांची वर्गवारी, कोणत्या माशाला काय खायला घालावं, गळ आणि दोर कसा असावा, हे सगळं तिथे येतं. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आमच्या शेजारचंच. ज्या प्रदेशाच्या राजाला गळाची विद्या ग्रंथात नोंदवावीशी वाटली, त्याच प्रदेशात आज ती शेवटच्या म्हाताऱ्यांबरोबर संपत चालली आहे. नवी पोरं शिकत नाहीत, कारण बसायला जागा नाही आणि गळाला लागायला मासा नाही.

मासा का नाही, याचा विचार केला की नदीचं काय झालं तिथपर्यंत जावं लागतं.

जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. त्या धरणाने मराठवाड्याला पाणी दिलं, हे मी कधी नाकारणार नाही. त्यानंतर खालच्या पात्रात एकामागून एक बंधारे झाले. आमच्या जिल्ह्यात ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, मुळी, डिग्रस. पुढे नांदेडकडे अंतेश्वर, विष्णुपुरी आणि शेवटी बाभळी. एका बंधाऱ्याचा फुगवटा संपत नाही तोच दुसरा लागतो. वाहती धार, वाळूचा चर, खडकाळ उथळ, खोल डोह असं रूप बदलत जाणारं पात्र संथ तळ्यांच्या साखळीत बदललं. ज्या माशाला वाहतं पाणी लागतं, त्याला राहायला जागा उरली नाही. ज्याला अंडी घालायला वर चढावं लागतं, त्याच्या वाटेवर लोखंडी दरवाजे आले.

बंधारा झाला की त्यामागचं पाणी कागदावर जलाशय होतं, आणि जलाशय ठेक्याने जातो. इथून माणसाची वाट बंद व्हायला सुरुवात होते. ठेका घेणाऱ्याने पैसे भरलेले असतात, बीज सोडलेलं असतं. त्याने आपला मासा राखावा, हे मला समजतं. पण त्याची राखण नदीच्या सगळ्या थडीवर पसरते. एका बंधाऱ्याच्या फुगवट्यावर राखणदारांनी आमच्याबरोबरच्या एका वृद्ध भोयाची काठी काढून घेतली आणि चोर म्हणून हाकलून दिलं. बंधारा व्हायच्या कितीतरी आधीपासून तो माणूस त्याच खडकावर बसत होता. तक्रार कुठे करायची, हे आम्हांला कुणी सांगू शकलं नाही. सहकारी संस्थेचा सभासद नाही, ठेकेदार नाही, मत्स्यशेतकरी नाही, मग तो कोण, याचं उत्तर कोणत्याच कार्यालयात नव्हतं.

म्हणून माझी पहिली मागणी ओळखीची आहे. साधी काठी, एक दोर आणि गळ एवढ्यावर, घरच्या कालवणापुरते किंवा दिवसाच्या पोटापुरते मासे धरणाऱ्या स्थानिक माणसाचा हक्क खात्याने लेखी मान्य करावा. त्याला ठेक्याच्या अटींतून वगळावं आणि तसं कलम प्रत्येक करारात घालावं. पिंजरे, बीज सोडलेले कुंपणबंद भाग, बंधाऱ्याच्या दरवाजांजवळचा धोक्याचा पट्टा हे खुशाल राखून ठेवा. उरलेला काठ मोकळा असू द्या. हे अशक्य नाही. फिनलंडसारख्या देशात साध्या काठी-दोराने मासे धरायला कुणालाही परवाना लागत नाही आणि शुल्कही नाही. रीळ लावून, कृत्रिम आमिष ओढत मासेमारी करायची असेल तर मात्र प्रौढांना शुल्क भरावं लागतं. साधन जेवढं साधं, तेवढा हक्क मोकळा, असा तो हिशेब आहे. गळाने दिवसभरात निघणारे मासे आणि तंगुसाच्या जाळ्याने एका रात्रीत निघणारे मासे यांची तुलना होऊ शकत नाही, हे आपल्या अधिकाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

दुसरी मागणी थडीपर्यंत जाणाऱ्या वाटेची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्यांची पात्रं सरकारच्या, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या मालकीची आहेत. त्याच संहितेच्या कलम १४३ खाली शेतकऱ्याला आपल्या शेतात जायला बांधावरून वाट मागता येते. पाणंद रस्त्यांसाठी शासनाने २०२१ साली 'मातोश्री' या नावाने योजनाही काढली. नदीकडे जाणाऱ्या जुन्या पायवाटांना मात्र असा कुणाचा आधार नाही. काही नांगरल्या गेल्या, काही तारेच्या कुंपणात गेल्या, काही फुगवट्यात बुडाल्या. गुरं पाण्यावर नेणारा, धुणं धुणारी, अस्थी घेऊन येणारा आणि गळ टाकणारा, सगळे याच वाटांनी जात. आपण महसूल खात्याला पत्र लिहून गंगाखेड, पालम, सोनपेठ, पाथरी या गोदाकाठच्या तालुक्यांत प्रत्येक गावाची नदीकडे जाणारी निदान एक वाट नकाशावर आखून मोकळी करायला सांगावं. वाट आपल्या खात्याची नाही, हे मी जाणतो. पण मासे धरणाऱ्याच्या वतीने बोलणारं खातं आपलंच आहे. आपण नाही बोललात, तर दुसरं कुणी बोलणार नाही.

तिसरी मागणी या पत्राचा गाभा आहे, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो.

मृगाचा पाऊस झाला आणि ओढ्यानाल्यांचं गढूळ पाणी पहिल्यांदा नदीत उतरलं की मासे चढायला लागतात. पाण्याचा वेग, गारवा आणि मातीचा वास त्यांना वर ओढतो. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून पाणी साचलेल्या पड रानात जाऊन ते अंडी घालतात. वर्षभराची नवी पिढी या थोड्या दिवसांत ठरते. बरोबर याच दिवसांत बंधाऱ्यांचे दरवाजे बंद असले, पहिलंच पाणी अडवून घेतलं, तर तो मासा दरवाजाच्या पायथ्याशी गोळा होतो. तिथे त्याची वाट पाहत जाळी लावलेली असतात. अंड्यांनी भरलेला मासा बाजारात जातो आणि लोक तो आवडीने घेतात. आपलं खातं दरवर्षी १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतं. डॉ. हिरालाल चौधुरी यांनी १९५७ साली त्या दिवशी कटकला संप्रेरकाच्या इंजेक्शनने माशांचं प्रजनन यशस्वी करून दाखवलं, त्याची ती आठवण आहे. त्यांच्या कामाने देशाला मत्स्यबीज मिळालं. पण त्याच जुलैमध्ये आमच्या नदीत कोणत्याही इंजेक्शनशिवाय प्रजननाला निघालेला मासा दरवाजाशी अडलेला असतो, त्याचीही आठवण त्या दिवशी व्हावी.

दरवाजे तारखेने उघडे ठेवता येतात, हे आपल्याच गोदावरीवर सिद्ध झालं आहे. बाभळी बंधाऱ्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल दिला. त्याप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर बाभळीचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावं लागतं. हा निकाल दोन राज्यांच्या पाणीवाटपासाठी होता, माशांसाठी नव्हता. तरी त्याने एक गोष्ट दाखवून दिली : तारीख ठरली, समिती ठरली, की दरवाजे उघडतात आणि दरवर्षी उघडतात. दोन राज्यांच्या भांडणासाठी जे जमलं, ते एका नदीच्या जीवासाठी जमायला हरकत काय?

माझं म्हणणं एवढंच आहे. मुळी, डिग्रस, मुदगल, तारुगव्हाण, ढालेगाव या बंधाऱ्यांवर पावसाळ्याचा पहिला पूर दरवाजे उघडे ठेवून जाऊ द्यावा. किती दिवस, किती प्रवाहाला, हे जलसंपदा खातं आणि आपलं खातं मिळून ठरवो. मराठवाड्यात पाणी अडवणं ही जीवनमरणाची गोष्ट आहे, याचा मला विसर पडलेला नाही. २०१६ साली आमच्या शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आम्ही पाहिलं. म्हणून दुष्काळी वर्षात पिण्याच्या पाण्याला पहिला मान असावा, असं त्याच नियमात लिहा. पण आमच्याकडचा मोठा पाऊस बहुतेक वेळा उशिराचा, ऑगस्ट-सप्टेंबरचा असतो, आणि बंधारे तेव्हाही भरतात. पहिल्या पुराचे काही दिवस माशांना दिल्याने शेतकऱ्याचं पाणी बुडणार नाही. ते दिवस न दिल्याने नदीतला मासा मात्र बुडाला आहे.

जिथे नवे दरवाजे बसवायचे आहेत किंवा जुने दुरुस्त करायचे आहेत, तिथे माशांना चढण्यासाठी उताराची वाट ठेवण्याचा विचार आराखड्यातच व्हावा. हे उशिरा सुचलं तर काय होतं, याचं उदाहरण याच नदीच्या दुसऱ्या टोकाला आहे. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा १८५२ साली आर्थर कॉटन यांनी पूर्ण केला. त्याने गोदावरीचा त्रिभुजप्रदेश सुपीक झाला. पण समुद्रातून नदीत चढणारा पुलस मासा तिथेच अडला. आजही तो मुख्यतः त्या बंधाऱ्याच्या खालीच धरला जातो आणि सोन्याच्या भावाने विकला जातो. नदीच्या मुखाशी जे पावणेदोनशे वर्षांपूर्वी घडलं, ते मधल्या पात्रात आपल्या हयातीत पुन्हा घडू देऊ नये.

चौथी मागणी बंदीच्या काळाची. समुद्रावर जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते. कोळी बांधव ती पाळतात, बोटी किनाऱ्याला लागतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रं येतात. नदीच्या माशाची वीण त्याच काळातली, पण आमच्या आठवडी बाजारात तेव्हाच अंड्यांचे मासे सगळ्यांत जास्त दिसतात. हिमाचल प्रदेशात गोविंदसागर आणि पोंग या मोठ्या जलाशयांतसुद्धा पावसाळ्यात दोन महिने मासेमारी बंद ठेवली जाते. तसाच स्पष्ट काळ गोदावरीसाठी आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांसाठी जाहीर करावा. तो गावोगाव दवंडीने आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर कळवावा. या काळात पोटावर घाव येणाऱ्या भोई आणि कहार कुटुंबांना, समुद्रावरच्या मच्छिमारांप्रमाणे, बचत आणि साहाय्याच्या योजनेत घ्यावं. त्या दोन महिन्यांत गळ टाकणाऱ्यांनीही हात आवरावा. आम्ही तयार आहोत. आम्हांला शिकवणाऱ्या भोयांनी आम्हांला हेच सांगितलं होतं.

पाचवी मागणी मासा मारण्याच्या रीतींबद्दल. पाण्यात जिलेटिनचे तोटे फोडणं आणि विष टाकणं हा १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. सव्वाशे वर्षं झाली. तरी उन्हाळ्यात डोह आटत आले की तोट्यांचे आवाज येतात. आता त्यात बॅटरी आणि इन्व्हर्टर जोडून पाण्यात करंट सोडणं आलं आहे. मच्छरदाणीच्या कापडाची जाळी लावून बोटभर पिलंसुद्धा उपसली जातात. डोह म्हणजे आमच्या नदीचा उन्हाळ्यातला शेवटचा आसरा. धार तुटली की सगळा मासा तिथे गोळा होतो आणि पावसाळ्यापर्यंत तग धरतो. एक डोह उद्ध्वस्त झाला की पुढच्या जूनमध्ये चढायला कोणी उरत नाही. गंगाखेड परिसरातले असे डोह गावकऱ्यांच्या मदतीने निश्चित करा, त्यांना राखीव म्हणून जाहीर करा आणि उन्हाळ्याचे महिने तिथे कुणालाच, ठेकेदारालाही आणि गळवाल्यालाही, मासे धरू देऊ नका. पोलीस ठाण्यात या गुन्ह्याची तक्रार नेणाऱ्याला परत पाठवलं जाऊ नये, अशी सूचना आपल्याकडून गेली तरी पुष्कळ फरक पडेल.

याच ओघात वाळू. गोदावरीची वाळू गंगाखेडच्या पट्ट्यातून कशी जाते, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०२३ साली डेपोचं धोरण आलं, २०२५ साली ते बदललं. धोरणं बदलत राहिली. पात्रातले खड्डे राहिले. वाळू पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात डोहाला आतून पाणी पुरवते. वाळू गेली की मूळचे डोह आटतात, आणि यंत्राने उकरलेल्या उभ्या काठाच्या खड्ड्यांत पाणी तापतं, सडतं आणि पोहायला उतरलेली मुलं बुडतात. वाळूघाट ठरवताना आपल्या खात्याचं मत विचारलं जावं, हा आग्रह आपण धरावा. जिथे मासे राहतात तिथे वाळू काढायची नाही, एवढं वाक्य त्या प्रक्रियेत आपल्यामुळे यावं.

सहावी मागणी बीजाची. आपण नदीत आणि जलाशयात बोटुकल्या सोडता, त्या बहुतेक रोहू, कटला, मृगळ यांच्या. हे मासे लवकर वाढतात, बाजारात चालतात. पण मूळचे ते उत्तरेतल्या नद्यांचे. चिलापी १९५२ साली देशात आला आणि आता आमच्या पाण्यात त्याचंच राज्य आहे. आफ्रिकन मांगूरवर केंद्राने २००० साली बंदी घातली, पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही त्यावर कडक आदेश दिले. तरी पुरात तळी फुटली की तो नदीत उतरतोच. मरळ, वाम, शिंगाडा या आमच्या पाण्यातल्या माशांच्या वाट्याला काहीच येत नाही. राज्यात स्थानिक माशासाठी मेहनत घेतल्याचं उत्तम उदाहरण आहे : लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीरची पिलं तयार केली आणि ती देशभरच्या नद्यांत आणि तलावांत सोडली गेली. एका खासगी कंपनीला जमलं, तर खात्याच्या एखाद्या केंद्रात गोदावरीच्या मरळीसाठी हौद ठेवायला काय लागतं? आमच्या तालुक्यातल्या मासोळी मध्यम प्रकल्पापासून सुरुवात करा. वाटलं तर प्रयोग म्हणून करा, पण करा.

शेवटची मागणी माणसांची. भोई, कहार, ढीवर या भटक्या जमातींच्या यादीतल्या समाजांचं पाण्याशी असलेलं नातं सरकारला माहीत आहे, पण हक्काच्या रूपात ते कुठेच लिहिलेलं नाही. जायकवाडीवरच्या तरंगत्या सौर प्रकल्पाविरुद्ध कहार समाजाच्या पंच समितीला न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि २०२५ मध्ये त्यांचं अपील फेटाळलं गेलं. त्या प्रकरणात कोणाचं बरोबर, यात मी शिरत नाही. माझा मुद्दा एवढाच, की ज्यांच्या पिढ्या त्या पाण्यावर गेल्या, त्यांच्या हातात दाखवायला हक्काचा कागद नव्हता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. स्वागत आहे. पण तळं खोदणाऱ्याला आणि पिंजरा लावणाऱ्याला त्या दर्जाने वीज, कर्ज, विमा मिळेल. वाहत्या नदीवर जगणारा, ज्याच्याकडे तळं नाही, सातबारा नाही, संस्थेचं सभासदत्व नाही, तो या दर्जात कुठे बसतो, हे शासन निर्णयात स्पष्ट लिहिलं जावं. गोदाकाठच्या प्रत्येक गावात नदीवर मासे धरणाऱ्यांची यादी करा. साधी वही चालेल. नाव, गाव, साधन, बसण्याची जागा. ती यादी झाली की उरलेल्या सगळ्या मागण्यांना पाय फुटतील.

आपल्या खात्यातले काही लोक म्हणतील की गळाचा हक्क दिला की त्याआड चोरून जाळी लागतील. लागतील, काही ठिकाणी. पण आज हक्क नाही, तरी जाळी लागतातच. थडीवर दिवसभर बसलेला माणूस हा फुकटचा राखणदार असतो. तोटा कुणी फोडला, करंट कुणी सोडला, वाळूची गाडी कोणत्या वाटेने गेली, हे त्याला दिसतं. त्याला हाकललं म्हणजे नदीवरचे डोळे गेले. त्याला ओळख दिली तर तक्रार करायची हिंमत येईल. दुसरे कुणी विचारतील, एवढ्याशा माशांसाठी एवढा खटाटोप कशाला. बाजारात पाळलेला मासा मिळतोच. मिळतो, आणि मिळावा. पण शेतमजुराच्या घरी महिन्यातून दोन-चारदा जे कालवण फुकट शिजायचं, ते आता विकत घ्यावं लागतं. जिथे ते परवडत नाही, तिथे मुलांच्या ताटातून ते गेलं आहे. कुपोषणावर योजना आखणाऱ्या सरकारने हा हिशेबही मांडावा.

महोदय, या मागण्यांपैकी एकीलाही मोठा निधी लागत नाही. ठेक्याच्या करारात एक कलम, दरवाजांच्या वेळापत्रकात काही दिवस, एक बंदीचा काळ, डोहांची यादी, माणसांची यादी. आपल्या सहीने आणि दुसऱ्या दोन खात्यांच्या सहकार्याने हे होऊ शकतं. येत्या एप्रिलपूर्वी परभणी जिल्ह्यात आपल्या अधिकाऱ्यांनी गोदाकाठच्या मासे धरणाऱ्यांची एक जाहीर बैठक घ्यावी, जलसंपदा आणि महसूल खात्याचे अधिकारी तिला बोलवावेत आणि पहिल्या पुराचा निर्णय त्या बैठकीत व्हावा, ही विनंती. गंगाखेडला बैठक ठेवलीत तर राणीसावरगावहून आम्ही येऊ, डिग्रसकडचे आणि मुळीकडचे लोकही येतील. कोणत्या डोहात काय आहे, कोणती वाट कुठे बंद झाली, ओढ्यात मासे कुठे चढत, हे सगळं सांगायला जाणते भोई अजून आहेत. त्यांचं वय पाहता, ही माहिती लिहून घ्यायला आपल्याकडे फार पावसाळे उरलेले नाहीत. म्हणून आम्ही पुढच्याच पावसाळ्याची मागणी करतो आहोत.

या पत्राचं लेखी उत्तर आपण द्याल, अशी खात्री बाळगतो.

कळावे,

आपला विश्वासू,
गंगथडीला गळ टाकणारा एक ग्रामस्थ,
राणीसावरगाव, ता. गंगाखेड, जि. परभणी.

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : जलसंपदा विभाग आणि महसूल विभाग, महाराष्ट्र शासन, गोदाकाठच्या सर्व ग्रामपंचायती.